विनोदी मालिका आणि माजघरांतील इंग्रजी



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आपल्या शाळेंतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली एक मुलगी बारावीनंतर परिचारिकेच्या शिक्षणक्रमाच्या मुलाखतीसाठीं एका मोठ्या शहरीं गेली. मुलगी अभ्यासू. इंग्रजींत तिला शंभरांत चौऱ्याऐंशीं गुण होते. निबंध, पत्रलेखन, कर्तरि व कर्मणि प्रयोग हें सारें तिला चोख येई. मुलाखत घेणाऱ्या बाईंनीं तिला विचारलें, "डू यू माइंड नाइट ड्यूटी?" त्यांतले 'नाइट ड्यूटी' हे शब्द तिला कळले. रात्रपाळी करशील ना, असा प्रश्न असावा असें समजून तिनें मोठ्या आदबीनें उत्तर दिलें, "येस, मॅडम." बाईंनीं पुन्हां विचारलें, तिनें अधिकच ठासून तेंच उत्तर दिलें. प्रश्नाचा खरा अर्थ होता, 'रात्रपाळीला तुझी कांहीं हरकत आहे का?' रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या बापाबरोबर जी कित्येक रात्री कंदील धरून उभी राहिली, त्या मुलीनें 'होय, हरकत आहे' असें दोनदां सांगितलें होतें! निवडयादींत तिचें नांव आलें नाहीं. त्याला दुसरींहि कारणें असतील. परंतु उंद्रीस परत आल्यावर तिनें मला हा प्रसंग सांगितला, तेव्हां माझी मान खालीं गेली. दोष तिचा नव्हता. तिला पांच वर्षें इंग्रजी शिकविणारा मी होतों, आणि 'माइंड' म्हणजे 'मन' एवढेंच मीं तिला सांगितलें होतें.

ह्या एका प्रसंगामुळें मी ज्या विचारास लागलों, तो आज आपणांपुढें मांडीत आहें.

महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जातें. म्हणजे दहावी होईपर्यंत मूल दहा वर्षें ह्या भाषेच्या सहवासांत असतें. तरीहि 'दूध संपलें', 'जरा थांब', 'वाढून घ्या', 'नळ बंद कर', 'मला उशीर होईल, वाट पाहूं नका' हीं साधीं वाक्यें इंग्रजींत म्हणावयास सांगितलीं, तर पहिल्या बांकावरचीं मुलेंसुद्धां गप्प बसतात. ह्याचें कारण उघड आहे. आपल्या जुन्या घरांना ओसरी असे आणि माजघर असे. पाहुणा ओसरीवर बसे. घरांतील खरें बोलणें, हंसणें, रुसणें माजघरांत चाले. पाठ्यपुस्तकांतील इंग्रजी ही ओसरीवरची भाषा आहे. ती शुद्ध, नीटनेटकी आणि परीक्षेला आवश्यक अशी आहे. तिचें मोल मी कमी लेखीत नाहीं. परंतु माणसें एकमेकांशीं जी भाषा बोलतात ती माजघरांतली. तिच्यांत आपलें मूल कधीं पाऊलच टाकीत नाहीं. ज्या मुलाच्या घरीं किंवा शेजारीं इंग्रजी बोललें जातें त्याला तें माजघर जन्मतःच उघडें असतें. उंद्रीच्या मुलानें तें कोठें पाहावें?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर, तेंहि अनपेक्षित ठिकाणीं, मला सांपडलें आहे. तें म्हणजे दूरचित्रवाणीवरील इंग्रजी विनोदी मालिका. 'मास्तर मुलांना अभ्यास सोडून टी. व्ही. पाहावयास सांगतात' असें म्हणून पालकांनीं पान उलटूं नये. काय पाहावें, कसें पाहावें आणि कोठें थांबावें, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

विनोदी मालिका म्हणजे काय?

इंग्रजींत ज्यांस 'सिटकॉम' म्हणतात, त्यांचें पूर्ण नांव 'सिच्युएशन कॉमेडी', म्हणजे प्रसंगांतून उत्पन्न होणारा विनोद. आपणां मराठी माणसांना हा प्रकार नवा नाहीं. बडोद्याचे पाली भाषेचे अध्यापक चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ कोणास ठाऊक नाहींत? मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि त्याच दशकांत ह्या जोडगोळीची मालिका तेथून दाखविली गेली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तींच माणसें, तेंच घर, आणि दर आठवड्यास नवी फजिती! सिटकॉमचें सारें लक्षण एवढ्यांत आलें.

अमेरिकेंत १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं सुरू झालेली 'आय लव्ह लूसी' ही ह्या प्रकारची गाजलेली मालिका. प्रेक्षकांना समोर बसवून, अनेक कॅमेरे एकदम लावून तिचें चित्रण होई, आणि त्या प्रेक्षकांचें हंसणें ध्वनिमुद्रणांत येई. 'फ्रेंड्स' ही मालिका १९९४ ते २००४ ह्या काळांत चालली. तिचे एकंदर २३६ भाग आहेत, आणि एकेक भाग सुमारें बावीस मिनिटांचा आहे. व्हेनेझुएला देशांतून अमेरिकेंत गेलेला विल्मर फ्लोरेस हा बेसबॉलपटू स्पॅनिश भाषा बोलणारा. ही मालिका पाहूनच आपलें इंग्रजी सुधारलें असें त्यानें सांगितलें आहे. गंमत अशी कीं, परभाषा शिकण्याच्या खटाटोपावरहि एक प्रसिद्ध मालिका आहे. 'माइंड युअर लँग्वेज' ही ती मालिका १९७७ च्या अखेरीस इंग्लंडांत सुरू झाली. लंडनच्या एका रात्रशाळेंत देशोदेशींचीं प्रौढ माणसें इंग्रजी शिकावयास येतात आणि गोंधळ घालतात, असा तिचा विषय. तिच्याच धर्तीवर १९९३ सालीं आपल्याकडे 'ज़बान सँभालके' ही हिंदी मालिका निघाली. तींत पंकज कपूर हे हिंदी शिकविणारे शिक्षक झाले होते.

शब्द किती लागतात?

आतां कोणी विचारील, इंग्रजीचा शब्दसागर अफाट. बावीस मिनिटांच्या थट्टेंतून त्याचे किती थेंब हातीं लागणार? ह्या प्रश्नाचा विचार शंभर वर्षांपूर्वीं आपल्याच देशांत झालेला आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ तेव्हांच्या अखंड बंगालांत ढाका येथें काम करीत असत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचतां यावें म्हणून त्यांनीं वारंवार येणारे शब्द निवडून त्यांवर वाचनपुस्तकें रचलीं. पुढें १९५३ सालीं त्यांनीं सुमारें दोन हजार मुख्य शब्दांची यादी प्रसिद्ध केली. थोडे शब्द फार वेळां येतात आणि फार शब्द क्वचित् येतात, हें त्या यादीमागील तत्त्व होय.

तेंच तत्त्व दूरचित्रवाणीस लावून २००९ सालीं स्टुअर्ट वेब व मायकेल रॉजर्स ह्या दोन अभ्यासकांनीं ब्रिटिश व अमेरिकन अशा ८८ कार्यक्रमांतील दोन लाख चौसष्ट हजारांहून अधिक शब्द तपासले. त्यांना असें आढळलें कीं, सर्वांत अधिक प्रचारांतलीं तीन हजार शब्दकुलें व विशेषनामें ज्याला ठाऊक आहेत, त्याला अशा कार्यक्रमांतील शंभरांपैकीं सुमारें पंचाण्णव शब्द ओळखीचे वाटतात. शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव ओळखीचे व्हावयास मात्र सात हजार शब्दकुलें लागतात. 'शब्दकुल' म्हणजे एका मूळ शब्दाचा परिवार. 'गो', 'गोज', 'गोइंग', 'वेन्ट' हें एक कुल. तीन हजार ही संख्या ऐकून घाबरूं नका. रोज तीनच शब्द पक्के केले, तर एका वर्षांत हजारांवर होतात.

त्यांतहि एक सोय आहे. रोज नवा चित्रपट पाहिला तर रोज नवे शब्द. परंतु एकाच मालिकेचे भाग ओळीनें पाहिले, तर तेंच स्वयंपाकघर, तेंच दार, तीच नोकरी, तेंच भांडण, आणि म्हणून तेच शब्द पुनःपुन्हां कानांवर येतात. वरील दोघा अभ्यासकांनीं पुढें हीहि गोष्ट मोजून दाखविली आहे. पाढे पाठ करतांना आपण जें मुद्दाम करतों, तें येथें आपोआप घडतें. शिवाय शब्दाबरोबर कृति दिसते. 'हँग ऑन' असें म्हणणारा माणूस हाताचा पंजा पुढें करून दुसऱ्यास थांबवीत असतो. 'हँग' म्हणजे 'टांगणें' एवढेंच पाठ केलेला आमचा एक मुलगा पुण्याच्या वसतिगृहांत, काय टांगावयाचें म्हणून खुंटी शोधूं लागला होता! त्यानें तो हात एकदां पाहिला असता, तर त्याला कोशाची गरज पडली नसती.

हंसणें हाच परीक्षक

विनोदी मालिकेंत आणखी एक गुण आहे, जो बातम्यांत किंवा व्याख्यानांत नाहीं. तो म्हणजे प्रेक्षकांचें हंसणें. कांहीं मालिकांत तें खऱ्या प्रेक्षकांचें असतें. कांहींत मागाहून घातलेलें असतें. चार्ल्स डग्लस नामक अमेरिकन तंत्रज्ञानें १९५० नंतर त्यासाठीं एक यंत्रच बनविलें होतें. हंसणें खरें असो वा यंत्रांतलें असो, शिकणाऱ्यास त्याचा उपयोग मोठा. सारे हंसले आणि आपण हंसलों नाहीं, तर समजावें कीं येथें आपणांस न कळलेला एक शब्द, एक वाक्प्रचार किंवा एक चालरीत दडलेली आहे. परीक्षेचा निकाल लागावयास दोन महिने जातात. हा निकाल तत्क्षणीं लागतो, आणि नापास झाल्याचें दुःखहि होत नाहीं. मागें जाऊन पुन्हां ऐकावें, म्हणजे झालें.

खालचीं अक्षरें कोणत्या भाषेंत असावींत?

मालिका पाहतांना पडद्याच्या तळाशीं संवादाचीं अक्षरें दाखवितां येतात. तीं मराठी-हिंदींत घ्यावींत कीं इंग्रजींत? पुष्कळांस वाटतें कीं आपल्या भाषेंत घेतलेलीं बरीं. ह्याविषयीं २००९ सालीं हॉलंडांत होल्गर मिटरर व जेम्स मॅक्क्वीन यांनीं एक प्रयोग केला, आणि योगायोग असा कीं, त्यांत 'कॅथ अँड किम' ही ऑस्ट्रेलियन विनोदी मालिकाच वापरली होती. इंग्रजी जाणणाऱ्या डच विद्यार्थ्यांपैकीं कांहींना ती इंग्रजी अक्षरांसह दाखविली, कांहींना डच अक्षरांसह, आणि कांहींना अक्षरांवांचून. मागाहून त्या पात्रांचीं नवीं वाक्यें ऐकविलीं, तेव्हां ज्यांनीं इंग्रजी अक्षरें वाचलीं होतीं त्यांना तो अपरिचित ऑस्ट्रेलियन उच्चार अधिक चांगला कळला. ज्यांनीं मातृभाषेंतील अक्षरें वाचलीं होतीं, त्यांना नव्या वाक्यांच्या बाबतींत उलट तोटाच झाला. कारण समजण्यासारखें आहे. डोळे मराठी वाचीत असतां कान इंग्रजी ऐकत नाहींत. तेच शब्द डोळ्यांना दिसले, तर कान व डोळे एकमेकांचे सोबती होतात.

ह्याच तत्त्वावर आपल्या देशांत मोठें काम उभें राहिलें आहे. ब्रिज कोठारी हे अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतां स्पॅनिश भाषेचा अभ्यास करीत. १९९६ सालीं मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहत असतां त्यांच्या मनांत आलें कीं, खालचीं अक्षरें इंग्रजीऐवजीं स्पॅनिशच असतीं तर किती बरें झालें असतें! आणि लगेच दुसरा विचार आला: हिंदी गाण्यांखालीं हिंदी अक्षरें दाखविलीं, तर भारतांतील अर्धवट साक्षर माणसें सहज वाचावयास शिकतील. पुढें ते अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंत आले. १९९९ सालीं गुजरातींत दूरदर्शनवर हा उपक्रम सुरू झाला, आणि २००२ सालीं 'चित्रहार' ह्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तो आला. 'चित्रहार' पाहतांना ओळीबरोबर रंग बदलणारीं अक्षरें आपणांपैकीं ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, त्या कल्पनेचा उगम एका विद्यार्थ्याच्या परभाषा शिकण्याच्या धडपडींत आहे.

अभ्यासाची रीति

नुसतें पाहून भाषा येत नाहीं. तसें असतें, तर क्रिकेट पाहणारा प्रत्येक माणूस फलंदाज झाला असता. शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर कांहीं मुलांबरोबर मी जी रीति चालवितों, ती अशी:

पहिली गोष्ट, एकच मालिका धरावी व निदान दहा भाग तरी सोडूं नये. दुसरी गोष्ट, एका वेळीं पांचच मिनिटांचा तुकडा घ्यावा. तो प्रथम अक्षरांवांचून पाहावा व काय घडलें तें मराठींत एकमेकांस सांगावें. मग इंग्रजी अक्षरांसह पाहावा. शेवटीं पुन्हां अक्षरें बंद करून पाहावा, आणि पात्राबरोबर मोठ्यानें बोलावें. लाज वाटते, पण सारेच बोलूं लागले, म्हणजे लाज पळते.

तिसरी गोष्ट वहीची. वहींत सुटा शब्द कधींहि लिहूं नये. संपूर्ण वाक्य लिहावें, कोण कोणास म्हणालें तें लिहावें, आणि समोर आपल्या घरीं तेंच कसें म्हणतात तें लिहावें. कोशांतला अर्थ नको, आईच्या तोंडचा हवा. 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' ह्यांत धांवणेंहि नाहीं आणि बाहेरहि नाहीं. त्याचा अर्थ 'दूध संपलें'. 'गिव्ह मी अ हँड' म्हणजे आपलें 'जरा हात लाव'. 'हेल्प युअरसेल्फ' म्हणजे 'लाजूं नका, हातानें वाढून घ्या'. 'नेव्हर माइंड' म्हणजे 'असूं दे, कांहीं बिघडलें नाहीं'. 'आय ॲम ऑन माय वे' म्हणजे 'हा निघालोंच'. अशीं एका भागांतून पांचच वाक्यें घ्यावींत, अधिक नकोत.

चौथी गोष्ट, तीं पांच वाक्यें दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं आणि आठव्या दिवशीं पुन्हां वाचावींत, आणि त्या त्या कामाच्या वेळीं म्हणावींत. नळ बंद करतांना 'टर्न ऑफ द टॅप', भावाला हांक मारतांना 'हरी अप'. विहिरींत असलेलें पाणी तहान भागवीत नाहीं. तें पोहऱ्यानें वर काढावें लागतें.

घरांतले इंग्रजी शब्द

ही वही चालूं झाल्यावर मुलांना एक नवलाची गोष्ट कळते. ती म्हणजे, आपण रोज जे इंग्रजी शब्द वापरतों त्यांतील पुष्कळांचा अर्थ इंग्रजांच्या घरीं निराळा आहे. आपण चहा प्यावयास 'हॉटेलांत' जातों. त्यांचें हॉटेल म्हणजे मुक्काम करण्याची जागा. आपली 'लाइट जाते'. ते म्हणतात, 'द पॉवर इज आउट'. आपल्या मोटारीची 'स्टेपनी' अमेरिकेंतल्या माणसाला कळणार नाहीं. त्याला 'स्पेअर टायर' म्हणावें लागतें. आपलें 'गॅदरिंग' म्हणजे शाळेचें स्नेहसंमेलन. त्यांचें गॅदरिंग म्हणजे चार माणसांचें जमणें. ह्यांत आपलें कांहीं चुकलें असें मुळींच नाहीं. हे शब्द आतां मराठी झाले आहेत, आणि मराठींत त्यांचा जो अर्थ तोच त्यांचा खरा अर्थ. चिखलीच्या बाजारांत मराठी अर्थ आणि इंग्रजी संभाषणांत इंग्रजी अर्थ, एवढा विवेक ठेवला म्हणजे पुरे.

तसाच भेद इंग्लंड व अमेरिका यांच्या बोलण्यांत आहे. आपलीं पुस्तकें बहुशः ब्रिटिश रीतीचीं. पुष्कळ मालिका मात्र अमेरिकन. इंग्रजांचा 'टॅप' तो अमेरिकनांचा 'फॉसेट', त्यांचें 'पेट्रोल' तें ह्यांचें 'गॅस', त्यांचा 'टॉर्च' तो ह्यांचा 'फ्लॅशलाइट'. अमेरिकेंत 'पँट्स' म्हणजे विजार. इंग्लंडांत तोच शब्द आंतल्या वस्त्राला लावतात. ऐकतांना दोन्ही ओळखावेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत मात्र पुस्तकाप्रमाणें लिहावें.

सावधगिरीच्या चार गोष्टी

विनोदांत उपरोध फार. सारें काम बिघडल्यावर एखादें पात्र 'ग्रेट!' म्हणतें, तेव्हां त्याचा अर्थ 'झालें वाटोळें!' असा असतो. स्वर ऐकल्यावांचून शब्द घेऊं नये. दुसरें, ज्या भाषेंत दोन मित्र एकमेकांची टर उडवितात, ती मुख्याध्यापकांपुढें किंवा मुलाखतींत चालत नाहीं. वहींत 'कोण कोणास म्हणालें' हें लिहावयाचें तें ह्याचसाठीं. 'शट अप' हा शब्द कितीहि वेळां कानीं पडला, तरी तो आजीपुढें उच्चारावयाचा नाहीं, हें सांगावयास कोश लागत नाहीं. तिसरें, 'माइंड युअर लँग्वेज'सारख्या मालिकांत परकीयांच्या चुकांवर विनोद केलेला असतो. तेथें शिक्षकाचें वाक्य घ्यावें, विद्यार्थ्याचें घेऊं नये. आणि शिकणाऱ्याच्या चुकीस हंसण्याची संवय तर मुळींच घेऊं नये. चौथें, मालिका हें वाचनाचें किंवा व्याकरणाचें काम करीत नाहीं. ती माजघर दाखविते. पण उत्तम ग्रंथ, विज्ञान, कायदा ह्यांची भाषा तिच्यांत नाहीं. आठवड्यांतून दोन भाग पुरेत.

पालकांस विनंति

पालकहो, सर्वच मालिका मुलांनीं पाहण्याजोग्या नसतात. ही गोष्ट मी लपवीत नाहीं. म्हणून मुलाच्या हातीं मोबाइल देऊन आपण दुसऱ्या खोलींत जाऊं नका. जवळ बसा. आपणांस इंग्रजी येत नसेल, तर तें अधिकच उत्तम. 'तो काय म्हणाला रे?' असें आपण विचारा. तें मराठींत सांगावयाचें म्हणजे मुलाला तो शब्द खरोखर समजून घ्यावाच लागतो. दुसऱ्याला समजावून देण्यासारखी उजळणी नाहीं. निरक्षर आईसुद्धां अशा रीतीनें इंग्रजीची शिक्षिका होऊं शकते, हें मीं उंद्रींतच पाहिलें आहे.

आणखी एक भीति पालकांच्या मनांत असते, आणि ती खोटी नाहीं. ती म्हणजे इंग्रजी येऊं लागलेलें मूल घरच्या बोलीला हंसूं लागेल ही. त्यासाठीं मी मुलांना जेम्स मोल्सवर्थ यांची गोष्ट सांगतों. हा इंग्रज लष्करी अधिकारी मराठी शिकला, आणि पंडितांच्या साहाय्यानें त्यानें मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ सालीं निघाला, आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. त्यांत पोथ्यांतले संस्कृत शब्द आहेत, तसेच शेतांतले, बाजारांतले, चुलीपाशीं बोलले जाणारे शब्द व म्हणीहि आहेत. परक्या माणसानें आपल्या माजघरांतील मराठी कान देऊन ऐकली, तिला गांवढळ म्हणून टाकली नाहीं, म्हणून आजहि मराठीचा अभ्यासक तो कोश उघडतो. त्यासाठीं त्याला स्वतःची भाषा विसरावी लागली नाहीं. आपणहि इंग्रजांचें माजघर तसेंच पाहावें, कान उघडे ठेवून आणि आपल्या घराची लाज न बाळगतां. दुसऱ्याच्या घरीं नीट बोलतां यावें म्हणून आपलें घर मोडावें लागत नाहीं.

आरंभीं सांगितलेली मुलगी पुढें वर्षभर दर शनिवारीं शाळेंत येऊन मागच्या बांकावर बसे. एके दिवशीं पडद्यावर एक माणूस दुसऱ्याच्या टेबलापाशीं येऊन म्हणाला, "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" बसलेला माणूस वर न पाहतां म्हणाला, "येस." उभा असलेला आभार मानून खुर्ची ओढूं लागला. वर्गांतल्या लहान मुलांना कांहींच कळलें नाहीं. मालिकेंतल्या प्रेक्षकांच्याहि आधीं ती मुलगी एकटीच खळखळून हंसली. मग तिनेंच उठून लहानांना समजावून सांगितलें कीं, येथें 'येस' म्हणजे 'हरकत आहे', आणि हरकत नसेल तर 'नॉट ॲट ऑल' म्हणावें. मीं पांच वर्षांत जें शिकविलें नव्हतें, तें तिनें अर्ध्या मिनिटांत शिकविलें.

पुढील जून महिन्यांत ती पुन्हां मुलाखतीस गेली व निवडली गेली. आज ती एका रुग्णालयांत परिचारिका आहे, आणि महिन्यांतून कित्येक रात्री तिची रात्रपाळी असते.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सुटींत एक कोरी वही करा. पहिल्या पानावर पांचच वाक्यें लिहा, आणि शाळा उघडेल तेव्हां ती वही मला आणून दाखवा.